मेंदूची राखण

लातूरहून आमच्या एका स्नेह्यांचे पत्र आले, त्याला आता चार महिने होत आले. औसा तालुक्यातील एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर लातूरला मुलाकडे राहतात. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. वयाने ते आमच्यापेक्षा थोडे वडील, आणि अक्षर तर असे, की पत्र वाचण्याआधी क्षणभर नुसते पाहत राहावे. या वेळच्या पत्रात मात्र ओळी जराशा उताराला लागल्या होत्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गुरुजींचे गाव गेले. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीहून परतलेली माणसे नुकती कुठे गाढ झोपली होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरेच माणसांच्या अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. नव्या गावांत रस्ते सरळ आहेत, घरे एका मापाची आहेत. पण जुन्या गावात कोणत्या बोळातून कोणाच्या दारात निघता येत असे, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. गुरुजींनी निवृत्तीनंतर एक काम अंगावर घेतले: जुन्या गावाची घरवार नोंद. कोणत्या घरात कोण राहत होते, त्यांचे काय काय होते, त्या पहाटे त्यांच्यातले कोण उरले. अकरा वह्या झाल्या आहेत. अजून निम्मे गाव उरले आहे, आणि आता नावे आठवेनाशी झाली आहेत.

पत्रात दोन प्रश्न होते. पहिला साधा होता: डोके तल्लख राहावे आणि हात भराभर चालावा यासाठी काही करता येत असेल तर कळवावे. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचे आणि साखर काठावर असल्याचे सांगितले आहे. गोळ्या दिल्या आहेत, मीठ कमी करा, रोज चाला, सात तास झोपा असे बजावले आहे. दुसरा प्रश्न पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर दाटीने लिहिलेला होता. ज्यांची अख्खी कुटुंबे मातीखाली गेली, त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याने सकाळी भिजवलेले बदाम खावेत, दुपारी पडून राहावे आणि आपल्या डोक्याची काळजी वाहावी, हे शोभते का, असे गुरुजींनी विचारले होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोन दिवसांत देऊ शकलो असतो. दुसऱ्याने आमचे चार महिने घेतले.

आम्ही नांदेडला वाढलो. आमच्या पिढीच्या नांदेडकर तरुणापुढे लिहिणाऱ्या माणसाचे एकच चित्र होते, आणि ते नरहर कुरुंदकरांचे होते. १९३२ साली जन्मलेला हा माणूस नांदेडला शाळामास्तर होता, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि मग प्राचार्य झाला. साहित्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि शिवचरित्रापासून मुसलमानांच्या प्रश्नापर्यंत कोणताही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला जी प्रस्तावना म्हणून लाभली ती मुळात त्यांची एक दीर्घ पत्ररूप चर्चा आहे; आजही कित्येक वाचक कादंबरीआधी ती वाचतात. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वयाची पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती.

हृदयविकाराला कारणे अनेक असतात आणि कुरुंदकरांच्या वाचनाला वा लेखनाला त्यांच्या मृत्यूचा दोष देणे अन्यायाचे होईल. आम्ही येथे बोलतो आहोत ते त्यांच्या मृत्यूमधून आम्ही तरुणांनी काढलेल्या अर्थाविषयी. विचार करणारा माणूस जळतो, आणि जळाल्यावाचून प्रकाश पडत नाही, अशी आमची भाबडी समजूत झाली. त्यांची व्यासंगाची शिस्त आम्हांला पेलणारी नव्हती. संस्कृत, इतिहास, समाजशास्त्र यांचा तो अभ्यास आमच्या आवाक्याबाहेरचा होता. मग सोपे काय ते उचलले. रात्र रात्र जागायचे, जेवणाची वेळ चुकवायची, चहावर चहा घ्यायचा, आणि डोळे तांबारलेले दिसले की आपणही विचारवंतांच्या रांगेत बसलो असे मानायचे. त्या जागरणांत आम्ही जे लिहिले त्यातील एक पानही आज आमच्यापाशी नाही, आणि त्याबद्दल मराठी साहित्याने आमचे आभार मानावेत.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे उत्तर आम्ही गुरुजींना देणे लागतो.

मनुष्याचा मेंदू सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान भरतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीराला विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. ही शक्ती त्याला साठवून ठेवता येत नाही. रक्त क्षणोक्षणी आणून देते. म्हणून रक्तवाहिन्यांचे जे होते तेच शेवटी मेंदूचे होते. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब मेंदूच्या बारीक वाहिन्या खराब करतो, आणि हे नुकसान होताना दुखत नाही, खुपत नाही. २०१९ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या लोकांत स्मृती आणि आकलन यांची सौम्य घसरण कमी आढळली. तेव्हा गुरुजींनी बदामांविषयी खंत करण्यापेक्षा रक्तदाबाची गोळी न चुकवता घ्यावी. लिहिण्याच्या दृष्टीने घरातली सर्वांत मोलाची वस्तू बहुधा तीच आहे, आणि ती सरस्वतीच्या कोणत्याही चित्रात दाखवलेली नसते.

झोपेचेही तसेच. दिवसभरात जे पाहिले, ऐकले, वाचले ते टिकाऊ स्मृतीत बसवण्याचे पुष्कळसे काम झोपेत होते, हे आता प्रयोगांनी दिसून आले आहे. झोपेत मेंदूतील टाकाऊ द्रव्यांचा निचरा अधिक होतो असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांतून मांडले गेले. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे, म्हणून त्यावर फार भार देऊ नये. पण रात्रभर जागून सकाळी लिहिलेले वाक्य संध्याकाळी वाचून पाहावे. त्यासाठी उंदरांची गरज नाही. चालण्याविषयी सांगायचे तर, २०११ साली एकशेवीस वृद्धांच्या अभ्यासात असे आढळले की वर्षभर नियमाने भरभर चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग आकुंचन पावण्याऐवजी सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. आम्ही स्वतः पहाटे गोदावरीकाठी गोवर्धन घाटाकडे जाऊन येतो. दोन टक्क्यांचा हिशेब आम्हांला मांडता येणार नाही, पण अडलेले वाक्य घाटाच्या पायऱ्यांवर सुटते, असा आमचा अनुभव आहे.

लातूरच्या ज्या भागात गुरुजींच्या मुलाचे घर आहे तेथे चोहोकडे शिकवण्या, वसतिगृहे आणि अभ्यासिका आहेत. ‘लातूर पॅटर्न’ने या शहराला नाव दिले, ऐपत दिली, आणि मराठवाड्यातील अनेक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर केले, हे कोणी नाकारू नये. पण तेथील औषधाच्या दुकानात उभे राहिले की ब्राह्मी, शंखपुष्पी, स्मरणशक्तीची सिरपे यांच्या बाटल्या ओळीने दिसतात, आणि त्या घेणारी मुले चार-पाच तासांच्या झोपेवर आलेली असतात. झोप विकून बाटली विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. ब्राह्मीचा थोडाफार उपयोग होतो असे सुचवणारे काही छोटे अभ्यास आहेत. झोपेची जागा ती घेते असे म्हणणारा मात्र एकही नाही.

याच संदर्भात अमेरिकेतील धर्मभगिनींच्या एका अभ्यासाची हकीकत आमच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८६ साली डेव्हिड स्नोडन या संशोधकाने ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघातील वृद्ध सिस्टरांचा अभ्यास हाती घेतला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सहाशे अठ्ठ्याहत्तर सिस्टर त्यात सामील झाल्या. त्यांनी दरवर्षी स्मृतीच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू तपासणीसाठी देण्याचे लिहून दिले. या बहुतेक जणी शिक्षिका होत्या. आयुष्यभर एकच अन्न, एकच दिनक्रम, एकाच छपराखालचे जीवन. संघाच्या कपाटांत त्यांच्यापैकी काहींची जुनी हस्तलिखिते सापडली. व्रत घेण्याच्या सुमारास, म्हणजे सरासरी बाविसाव्या वर्षी, प्रत्येकीने आपल्या जीवनाची छोटीशी हकीकत स्वतःच्या हाताने लिहिली होती. त्र्याण्णव जणींचे हे लेखन संशोधकांनी तपासले. दर दहा शब्दांत किती विचार गुंफले आहेत हे मोजले. १९९६ साली निष्कर्ष आला तो चकित करणारा होता. ज्यांचे तरुणपणीचे लेखन विचारांनी दाट होते, त्यांच्यात साठ वर्षांनंतर स्मृतिभ्रंश क्वचित आढळला. ज्यांचे विरळ होते, त्यांच्यात बऱ्याच अधिक.

या निष्कर्षाचा घाईने अर्थ लावू नये. दाट लिहिल्याने मेंदू टिकला, की जो मेंदू मुळातच टिकणारा होता त्याने दाट लिहिले, हे त्या कागदांवरून ठरत नाही. पण त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. एक सिस्टर एकशे एकाव्या वर्षी वारल्या. अखेरपर्यंत त्यांची उत्तरे चोख होती. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा रोगाच्या खुणा त्यात भरपूर सापडल्या. घर आतून पोखरलेले होते, आणि त्यात राहणारी बाई मात्र दिवा लावून नीट बसलेली होती. याचे पूर्ण स्पष्टीकरण विज्ञानापाशी नाही. शिक्षण, वाचन, लेखन, माणसांचा सहवास यांनी मेंदूत काही शिल्लक साठते आणि आघात झाला तरी तीवर काही काळ भागते, असे मानले जाते.

म्हणजे गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे झाले: गोळी, झोप, चालणे, माणसे, आणि वही. वहीने डोके शिणते हे खरे. पण वहीनेच ते जागेही राहते.

पण ‘भराभर’ या शब्दापाशी आम्ही अडतो. हल्ली लेखनाला पीक मानण्याची रीत पडली आहे. एकरी किती क्विंटल, तसे महिन्याला किती पाने. आमच्या भागाला या हिशेबाचे एक जुने उदाहरण आहे. लातूरहून जवळच असलेल्या अंबाजोगाईला दासोपंत होऊन गेले. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. भगवद्‌गीतेवरची त्यांची ‘गीतार्णव’ ही टीका सव्वा लाख ओव्यांची, असे परंपरा सांगते. कागद अपुरा पडला म्हणून की काय, चोवीस हात लांबीच्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी अंबाजोगाईला आजही आहे. त्यांना रोज एका ढबूची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या आधी होऊन गेलेल्या ज्ञानदेवांच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास. कोणाच्या ओव्या घरोघरी गेल्या ते सांगायला नको. दासोपंतांचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. इतका अखंड लिहिणारा मेंदू हे नवलच. पण शाईचा हिशेब आणि लेखनाचा हिशेब वेगळे असतात, आणि मेंदू निरोगी ठेवून आपण केवळ शाई अधिक खर्च करणार असू, तर त्याला नैतिक प्रश्नाची प्रतिष्ठा देण्याचे कारण नाही.

गुरुजींचे प्रकरण निराळे आहे. त्यांना अधिक लिहायचे नाही, वेळेत लिहायचे आहे. पीक उभे आहे आणि आभाळ भरून आले आहे, अशी ती घाई आहे. त्यांच्या डोक्यात जे आहे ते त्यांचे एकट्याचे नाही. तिसऱ्या बोळातील शिंप्याच्या घरात कोण कोण होते हे आज त्यांना आठवते म्हणून ते कुटुंब कोठेतरी आहे. ते विसरले तर त्या माणसांना दुसऱ्यांदा मातीखाली जावे लागेल. अशा माणसाने आपल्या मेंदूची राखण करणे यात चैन कसली? ती परक्याची ठेव सांभाळणे आहे. शेजाऱ्याचे दागिने विश्वासाने ठेवलेली पेटी कोणी अंगणात उघडी टाकीत नाही.

हे उत्तर आम्ही लिहून पाकिटात घालणार होतो. पण दुसऱ्या दिवशी ते आमचे आम्हांलाच अपुरे वाटले, आणि थोडे धोक्याचेही.

श्रावणी अमावास्येला पोळा येतो. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलांना नदीवर धुऊन आणतात, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्यांना तूप-हळद लावून हलक्या हाताने चोळतात, आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. लहानपणी आम्ही आजोबांच्या मागे उभे राहून हे पाहिले आहे. आजोबा बैलाशी बोलत. एकदा आम्ही विचारले, की खांदा चोळला म्हणजे बैल अधिक काम करतो का. आजोबांना प्रश्न आवडला नाही. करीत असेल, पण त्यासाठी चोळायचा नसतो, एवढेच ते म्हणाले. गोठ्यात एक म्हातारा बैल होता. त्याला जुवाला लावणे कधीच बंद झाले होते. त्याचाही खांदा चोळला गेला, आणि त्याचा जरा अधिकच वेळ.

मेंदूची राखण तो लिहू शकतो म्हणून करावी असे ठरवले, की ज्या दिवशी तो लिहू शकणार नाही त्या दिवशी त्याची किंमत संपते. आम्ही गुरुजींना असे लिहिणार होतो, की तुम्ही जपण्याजोगे आहात कारण तुमच्यापाशी निम्मे गाव शिल्लक आहे. मग गाव लिहून संपल्यावर? किंवा लिहिण्याआधीच स्मृती गेली तर? आयरिस मर्डॉक या इंग्लिश लेखिकेची शेवटची कादंबरी १९९५ साली निघाली. नंतर कळले की त्या लिहीत होत्या तेव्हाच स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली असावी. पुढे संशोधकांनी मोजले तेव्हा त्या कादंबरीत त्यांचा शब्दसंग्रह आधीच्या पुस्तकांपेक्षा आक्रसलेला दिसला. पुढची तीन-चार वर्षे त्यांनी काही लिहिले नाही. त्या वर्षांत त्या कमी प्रतीच्या मनुष्य होत्या असे कोण म्हणेल?

संत थॉमस अक्वायनसची गोष्ट याहून जुनी आहे. इतका प्रचंड लिहिणारा माणूस. एकाच वेळी तीन-चार लेखनिकांना निरनिराळे विषय सांगत असे म्हणतात. ६ डिसेंबर १२७३ रोजी, मिस्सानंतर, त्याने लेखणी ठेवली ती कायमची. त्याचा महाग्रंथ अपुरा राहिला, आणि तीनच महिन्यांनी, ७ मार्च १२७४ रोजी, तो वारला. त्याला त्या दिवशी काही दर्शन झाले असे परंपरा मानते. तो अतिश्रमाने मेंदूचा विकार असावा असे काही आधुनिक अभ्यासक म्हणतात. दोन्ही एकाच वेळी खरे असण्यास आम्हांला अडचण दिसत नाही. पण याच थॉमसने त्याच अपुऱ्या ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगताना मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या पंक्तीला झोप आणि स्नान बसवले आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या एका ठिकाणी तो संत योहानाची गोष्ट सांगतो. शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना खटकले, तेव्हा योहानाने एका धनुर्धाऱ्याला बाण मारीत राहण्यास सांगितले, आणि हे सतत चालू ठेवता येईल का असे विचारले. तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाचे उत्तर. त्याही आधी सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना रात्र निम्म्याहून अधिक झोपण्याची, आणि उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर मुकाट्याने अंथरुणावर पडण्याची मुभा नियमातच लिहून दिली. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या लातुरात दुपारी पडून राहणाऱ्या गुरुजींना यापेक्षा भक्कम आधार आम्ही देऊ शकत नाही.

या सर्व उदाहरणांत देहाला जपणे हे कामासाठी आहे, पण केवळ कामासाठी नाही. थॉमस झोपेची शिफारस करतो ती दुःखी माणसासाठी. तो माणूस उद्या ग्रंथ लिहील अशी अट तो घालीत नाही. गुरुजींचा दुसरा प्रश्न खरे तर येथेच सुटतो. १९९३ पासून ते रोज चारच्या सुमारास जागे होतात. घड्याळाची गरज लागत नाही. ज्याची झोप अशी एका पहाटेने कायमची चोरली, त्याने दुपारी दोन तास पडावे की नाही हे मेलेल्यांना विचारायचे असेल, तर ते काय उत्तर देतील? ते शेजारी होते. शेजारी म्हणतील, गुरुजी, पडा जरा.

येथपर्यंत लिहून आम्ही कागद घरात वाचून दाखवला. आमच्या पत्नीने ऐकून घेतले, आणि मधल्या एका वाक्यावर विचारले, काय म्हणालात? आम्ही मोठ्याने पुन्हा वाचले. तिने पुन्हा विचारले. मग आमच्या ध्यानात आले ते आता लिहितो. ते लिहिण्यास लाज वाटते, पण ते वगळले तर वरचे सारे खोटे ठरेल.

२०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. ती सर्व टाळली तर जगातील सुमारे पंचेचाळीस टक्के स्मृतिभ्रंश टळेल वा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, हालचालीचा अभाव ही त्यात आहेतच. पण त्यात अपुरे शिक्षण आहे, एकटेपणा आहे, हवेतील प्रदूषण आहे, आणि बहिरेपण आहे. ही यादी आम्ही वाचली तेव्हा स्वतःला कोणती लागू पडतात ते पेन्सिलीने टिपले. आमच्या पत्नीला चार-पाच वर्षांपासून कमी ऐकू येते. तिच्या नावाने एकही खूण आम्ही केली नव्हती.

लेखनाच्या उत्पादकतेविषयी जी जी शिफारस केली जाते, तिच्यामागे कोणीतरी दुसरे उभे असते. आम्ही रात्री अकरापर्यंत लिहीत असू तेव्हा शेवटचा चहा तिने केला. आणि नळाला पहाटे पाणी येई तेव्हा उठून तिनेच भरले. आमची झोप तेवढी लांबली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या महिन्यांत आम्ही गुरुजींकडे दोन दिवस होतो. रात्री दोन वाजता टँकर आला की गल्लीतील बायका घागरी घेऊन उठत, आणि आम्ही पुरुष कूस बदलीत असू. सकाळी ओसरीवर बसून आम्ही आणि गुरुजी मराठवाड्यातील स्त्रिया फारशा का लिहीत नाहीत यावर गंभीरपणे बोललो. तो प्रसंग आठवला की अजून घाम फुटतो.

आमच्या पत्नीला तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या येत. किती, ते आम्ही कधी मोजले नाही. लिहूनही घेतल्या नाहीत. आम्ही विचारवंत होतो, आमच्या टेबलावर मोठे विषय होते. कानाचे यंत्र महाग म्हणून दोनदा पुढे ढकलले गेले. त्याच काळात पुस्तकांचे एक नवे कपाट झाले. ऐकू कमी आले की माणूस बोलणे टाळतो, बोलणे टाळले की घरातच एकटा पडतो, आणि न ऐकलेल्या, न म्हटलेल्या ओव्या एकेक करून गळत जातात. २०२३ साली सत्तरी ओलांडलेल्या सुमारे एक हजार लोकांवर केलेल्या प्रयोगात, ज्यांना स्मृतिनाशाचा धोका अधिक होता त्यांच्यात कानाच्या यंत्राने आणि त्याच्या नीट सरावाने तीन वर्षांत घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. इतरांत तसा फरक दिसला नाही. आमच्या पत्नीची गणना कोणत्या गटात होईल हे ठरण्याची वाट पाहण्याचे आता काही कारण उरले नव्हते.

यंत्र आणून तीन आठवडे झाले. पहिले काही दिवस तिने ते डबीतच ठेवले. पंख्याचा आवाज गिरणीसारखा येतो म्हणाली. आता सकाळी दोन तास लावते. परवा भाकरी थापताना एका ओवीचा पहिला चरण आला, दुसरा आला नाही. आम्ही वही घेऊन जवळ बसलो होतो. तिने हात थांबवून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, तुम्ही असे पेन उगारून बसलात तर कशी आठवेल? आम्ही वही मिटली.

गुरुजींना पत्र पाठवले आहे. त्यात एवढेच लिहिले, की गोळी चुकवू नका, दुपारी निजा, आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघे लोहा-अहमदपूरमार्गे एस.टी.ने येतो आहोत. चारला जाग येते तेव्हा एकट्याने छताकडे पाहत पडू नका. मोबाइलवर आवाज नोंदवायची सोय असते, नातवाकडून शिकून घ्या आणि जो बोळ आठवेल तो बोलून ठेवा. लिहिण्याचे काम आम्ही वाटून घेऊ. गुरुजींच्या पत्नी त्याच गावच्या लेक आहेत आणि त्यांना उत्तरेकडची सगळी आळी घरासह पाठ आहे, हे आमच्या पत्नीने आम्हांला परवा सांगितले. अकरा वह्या होईपर्यंत हे गुरुजींनी कधी आम्हांला सांगितले नव्हते; बहुधा त्यांनाही कोणी विचारले नसावे.